चुनरीवरचं काळं वर्तुळ

देवावर माझा राग नव्हता. राग यायचा तर आधी तो आहे असं मानावं लागतं, आणि मी तेवढ्याही भानगडीत कधी पडलो नव्हतो. चौतीस वर्षं रेल्वेत डिझेल इंजिनं उघडली आणि बंद केली. इंजिन बंद पडतं त्याला कारण असतं, ते शोधायचं, हात काळे करायचे आणि ते पुन्हा चालू करायचं, एवढंच मला कळत होतं. बडनेऱ्याच्या आमच्या घरात देवघर आहे ते मंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं. सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यासमोरून जायचो, तेवढीच माझी आणि देवाची ओळख. त्यामुळे मी हा अनुभव लिहायला बसलोय हे पाहून मंदा पलंगावर बसल्या बसल्या हसतेय. म्हणते, "खरं खरं लिहा. स्वतःले लय शहाणं दाखवू नका." दाखवायला जागाच नाही, मंदे. या सगळ्यात शहाणपण माझं कुठे होतंच नाही.

मंदाच्या फुप्फुसांचा आजार कळला त्याला तीन वर्षं झाली. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात, हा आजार बरा होत नाही, जपलं तर चालत राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून तिच्या नाकाला नळी आणि शेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन. मशीनला वीज लागते. वीज गेली की छोटा सिलेंडर लावायचा, तो दोन-अडीच तास पुरतो. मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. धूळ नको म्हणून घराच्या खिडक्या बंद केल्या. शेजारणी येऊन बसायच्या, त्यांना दारातूनच वाटेला लावू लागलो, कारण बोललं की मंदाला धाप लागायची. तिने हसू नये म्हणून तिच्याशी थट्टाही बंद केली. तळहातावरच्या फोडासारखं जपतो आहे, असं मला वाटायचं. ती मात्र कधी कधी बंद खिडकीच्या काचेला बोट लावून बाहेर बघत बसायची.

आमच्याकडे एक जुनी मिनीबस आहे. कधीकाळी तो फिरता दवाखाना होता. निवृत्त झाल्यावर मी ती भंगारात जाता जाता घेतली आणि आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. गल्लीत तिला सगळे घरगाडी म्हणतात. तिच्या डाव्या अंगाला, खाली, एका कप्प्यात डिझेलवर चालणारा छोटा जनरेटर आहे. कप्प्याला आडव्या पट्ट्यांचं दार आहे, त्या फटींतून आत वारा जातो आणि तोच वारा इंजिनाला थंड ठेवतो. हा जनरेटर आमच्या पोरीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनीच लहान असेल. पोरगी अकोल्याला दिली, नांदते आहे. जनरेटर मात्र वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात. पण मंदा धडधाकट होती तेव्हा याच गाडीतून आम्ही चिखलदऱ्याला गेलो, लोणारला गेलो, वाटेत वाटेल तिथे थांबून भाकरी-ठेचा खाल्ला. आजार आला आणि गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच.

मंदाचं माहेर दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या काठचं एक लहान गाव. तिथे बाईमायचं, म्हणजे गावदेवीचं, ठाणं आहे. नवरात्रात अष्टमीला माहेरवाशिणी जाऊन बाईमायची ओटी भरतात. लग्न झाल्यापासून मंदाने एक अष्टमी चुकवली नव्हती, आजार आल्यावर तीन चुकल्या. यंदा पोळा झाला आणि एका दुपारी ती म्हणाली, "मले एकदा बाईमायची ओटी भरून येऊ द्या. मंग तुमी म्हणसान तशी राहीन." मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, विजेची सोय असेल तर यंदा न्या, पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही. ते वाक्य मी मंदाला सांगितलं नाही. पण त्याच दिवशी जनरेटरचं दार उघडलं.

गावात वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नाही. सगळा भार त्या म्हाताऱ्या जनरेटरवर होता. महिनाभर मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो. डिझेलचं फिल्टर बदललं, नळ्या बदलल्या, नोझल काढून साफ केलं, पंख्याच्या पात्यांवरची कित्येक वर्षांची चिकट धूळ टूथब्रशने खरवडली. गुडघे बोंबलायचे. मंदा खिडकीच्या काचेआडून बघायची. शेवटी तो असा चालला की ऐकत राहावं. सलग तीन-तीन तास चालवून पाहिला, तापला नाही की दम टाकला नाही. मी मिशीला ताव दिला. तरी रात्री झोप लागेना. जनरेटरची खात्री होती, पण भीती जाईना. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काहीतरी हवं होतं जे पान्ह्याने आवळता येत नाही.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मी एकटाच अमरावतीला गेलो आणि अंबादेवीच्या देवळासमोरच्या दुकानातून एक लाल चुनरी घेतली. जरीच्या काठाची, चांगली ओढणीएवढी. देवळात आत जायचं धाडस झालं नाही, कोणी ओळखीचं दिसलं असतं तर काय सांगणार होतो? पहाटे मंदा उठायच्या आत जनरेटरच्या कप्प्याचं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या कडीला ती चुनरी दोन गाठी मारून बांधली. आतून अशासाठी की कोणाला दिसू नये, मंदाला तर नाहीच नाही. मनात म्हणालो, बाईमाय, हिला तुझ्यापर्यंत पोचव आणि परत आण, पुढच्या अष्टमीला मी स्वतः तुझ्या पाया पडेन. जन्मात पहिल्यांदा मागितलं तेही असं, सौदा केल्यासारखं. मग दार लावलं आणि चहा ठेवायला गेलो.

सकाळी मंदाला पलंगावर उशांना टेकवून बसवलं आणि निघालो. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर ओटीची पिशवी. गाडीच्या सगळ्या खिडक्या मी लावून घेतल्या. ऑक्टोबरचं ऊन दहा वाजताच चावायला लागलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या मातीत सोयाबीनच्या सवंगण्या, म्हणजे कापण्या, चालू होत्या आणि कपाशी फुटायला लागली होती. अर्धा-पाऊण तास सगळं ठीक चाललं. मग जनरेटर बंद पडला.

मी थांबलो, दार उघडून पाहिलं. इंजिन तापून आपोआप बंद झालं होतं. तापलं कशाने? थोडा थंड होऊ दिला, चालू केला, मस्त चालला. दहा-पंधरा मिनिटं समोर उभं राहून पाहिलं, काही खोट नाही. दार लावून निघालो. दर्यापूर यायच्या आत पुन्हा बंद. पुन्हा उघडला, पुन्हा चालला, पुन्हा दार लावून निघालो. दर्यापूर ओलांडून काही मैल गेलो असू, तिसऱ्यांदा बंद. दर वेळी तो थंड होईस्तोवर मंदाला सिलेंडर लावावा लागत होता, आणि त्याचा काटा आता निम्म्याच्या खाली आला होता. एवढ्या ऑक्सिजनवर दर्यापूरच्या दवाखान्यापर्यंत मागे फिरता आलं असतं. पुढे गेलो, आणि तिथे वीज नसली, तर काय? पुढे जायचं की मागे, हे तिथेच ठरवायचं होतं.

रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखाली गाडी घेतली. अकोल्याहून पोरीचा फोन आला, "बाबा, सरळ मागे फिरा, आईच्या जिवाशी खेळू नका." मी फोन खिशात टाकला आणि जनरेटरला एक सणसणीत शिवी हासडली. मंदाने ऐकली. आतून म्हणाली, "आज अष्टमी हाय, तोंड तं सांभाळा." मग थोडं थांबून, दम घेत, "नसन होत तं फिरा मागं. माही काही जिद्द नाही." तिला जिद्द नव्हती, हेच माझ्याच्याने सोसवेना. ओटीची पिशवी तिने मांडीवरून उचलून बाजूला ठेवली, ते मला दारातून दिसलं.

त्या झाडाखाली एक बाई आधीच बसली होती. साठीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली, पदर डोक्यावर. पुढ्यात झेंडूच्या तीन गोण्या. दसऱ्याच्या बाजाराला फुलं घेऊन दर्यापूरला जाणाऱ्या जीपची वाट बघत होती. मी गाडी उभी केली तर तिने गोण्या जनरेटरच्या बाजूला, गाडीच्या सावलीत ओढल्या आणि तिथेच जमिनीवर बसून सुटी फुलं वेचू लागली. "काय झालं भाऊ?" तिने विचारलं. मी पान्हा घेऊन जनरेटरकडे वळलो. माझं डोकं फिरलं होतं. तिने वर गाडीत डोकावून मंदाला पाहिलं, नळी पाहिली, आणि पुन्हा फुलं वेचायला लागली.

मी दार उघडून पुन्हा सगळं चाचपलं. तापमानाचं बटण खराब असेल? पट्टा ढिला? काही नाही. चालू केला, छान चालला. मंदाची नळी मशीनला लावली. दार लावलं आणि सामान आवरू लागलो, तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. ड्रायव्हर ओरडला, "चला मावशी, दोन सीटा हायेत, गोण्या वर टाका!" बाई उठली. एक गोणी उचलली सुद्धा. मग तिने आमच्या गाडीकडे पाहिलं, कान दिला, आणि गोणी खाली ठेवली. "जा रे बापू तू. मी मागून येतो." सणाचे दिवस, ऊन वाढत चाललेलं, दुसरी जीप केव्हा येईल याचा पत्ता नाही. जीप निघून गेली. मला ते तेव्हा नीट कळलंच नाही.

ती खाली बसली आणि म्हणाली, "भाऊ, दार लावलं का याचा आवाज घुसमटून राहिला."

"बाई, हे इंजिन हाय," मी खेकसलो, "झेंडूची गोणी नाही."

"हो बाप्पा, मले कुठी समजते इंजिन," ती म्हणाली. तिला राग आला नाही. "पण गोणी समजते. गोणीचं तोंड गच्च बांधलं ना, तं फुलाले वारा भेटत नाही. बाहेरून चांगली दिसते, आत हात घाला तं चटका बसते. सारी फुलं कढून जातात. म्हून तोंड ढिलंच ठेवा लागते." मग तिने जमिनीला टेकून त्या पट्ट्यांच्या फटीतून आत पाहिलं. "अन् हे लाल काय हाय आतमधी? तुमी दार लावलं अन् ते उडालं, अन् तिथंच चिपकून बसलं."

माझ्या हातातला पान्हा तसाच राहिला. मी तिच्या शेजारी मातीत गुडघे टेकले, गाल जवळजवळ जमिनीला लावला आणि फटीतून पाहिलं. चुनरी. इंजिनात वारा ओढणाऱ्या पंख्याच्या जाळीवर ती पसरून घट्ट बसली होती. मी दार उघडायचो तेव्हा ती दाराबरोबर बाहेर यायची आणि कडीला लोंबत राहायची, म्हणून दार उघडं असताना जनरेटर झकास चालायचा. दार लावलं की वारा तिला ओढून घ्यायचा. पाऊण तास गुदमरायचा बिचारा आणि मग हात टेकायचा. तीन वेळा ती माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती. चौतीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाला ती दिसली नाही. खरं सांगतो, दिसत होती, पण मी तिच्याकडे बघत नव्हतो. लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. तिला हात लावला तर नवस मोडेल असं कुठेतरी आत बसलं होतं. मशीनमध्ये ती एकच वस्तू होती जिच्यावर मी संशय घेतला नाही.

मी दार उघडून गाठी ओढू लागलो, त्या सुटेनात. त्या बाईने मला बाजूला केलं, मंदाला सिलेंडर लावून इंजिन बंद करायला लावलं, आधी चुनरीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि मग सावकाश दोन्ही गाठी सोडल्या. "बाईमायले आवळून कायले बांधाव लागते भाऊ," ती म्हणाली. "ते काही पळून जाऊन राहिली का?"

चुनरीच्या मधोमध काळं वर्तुळ उठलं होतं आणि त्यात पापड भाजायच्या जाळीसारख्या रेघा. ती झटकायला म्हणून तिने पसरली, आणि ते खिडकीतून मंदाला दिसलं. मंदाने काच सरकवली. कित्येक महिन्यांत तिने स्वतःच्या हाताने उघडलेली ती पहिली खिडकी. "हे कोणाची चुनरी?" मी मान खाली घातली. ती बाईच म्हणाली, "तुमच्या मालकानं बांधली होती ताई, मशीनले. तुमच्यासाठी." मंदा माझ्याकडे बघत राहिली. आणि मग हसायला लागली. खोकला आला तरी हसत राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी हसत राहिली. "तुमी? तुमी चुनरी बांधली? अवं माय!" मी धावत वर गेलो, बोलू नको, हसू नको म्हणायला. तोंड उघडलं आणि म्हणता आलं नाही. मी तिच्या पायाशी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिने माझ्या काळ्या हातावर तिचा हात ठेवला. "एवढे घाबरले होते तं मले सांगाव नं," ती म्हणाली. तीन वर्षांत आम्ही दोघं या भीतीबद्दल पहिल्यांदा बोलत होतो.

खाली उतरलो, जनरेटर चालू केला, दार लावलं. एक चहा होईस्तोवर थांबलो. आवाज मोकळा येत होता. त्या बाईने मान हलवली, "आता बराबर." ओंजळभर झेंडू मंदाच्या ओटीच्या पिशवीत टाकले आणि पुन्हा गोण्यांपाशी जाऊन बसली. मी म्हणालो, चला, गाडी वळवतो, आधी तुम्हाला बाजारात सोडतो. ती म्हणाली, "ओटीची येळ टळन. निंघा तुमी. मले काय, येईनच जीप." आम्ही निघालो. आरशात ती बराच वेळ दिसत होती, पदराने फुलांना वारा घालताना.

जनरेटर गावापर्यंत बंद पडला नाही. देवळासमोर गाडी लावली, तर मंदाच्या माहेरच्या बाया दाराशी जमल्या. सवयीने मी आडवा आलो, गर्दी करू नका म्हणायला हात वर केला. आणि त्या गोणीचं तोंड आठवलं. मी बाजूला झालो. पाच-सहा जणी आत शिरल्या, कोणी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, कोणी तिला बारीक झाली म्हणून रागावली. मंदाला धाप लागत होती आणि तिचा चेहरा फुलला होता. दोन्ही गोष्टी एकदमच होत होत्या. मी आजवर फक्त पहिलीच पाहिली होती.

ओटी भरताना मंदाने पिशवीतली नवी चुनरी ठेवली बाजूला आणि ती काळी झालेलीच पुढे केली. पूजा सांगणारी गुरवीण म्हणाली, "धुवून आणली असती तं बरं झालं असतं." मंदा म्हणाली, "नाही. अशीच द्यायची हाय. यांचा सारा जीव तिच्यात हाय." गुरविणीने माझ्याकडे पाहिलं आणि बाईमायच्या खांद्यावर ती चुनरी घातली. काळं वर्तुळ बरोबर समोर आलं. मी हात जोडले. काय काय मागायचं ते वाटभर पाठ केलं होतं, त्यातलं एकही आठवेना. मग नुसता उभा राहिलो. हात जोडलेले होते ते सुटले आणि उघडे झाले, एवढंच मला कळलं. पुढच्या अष्टमीचा सौदा मी त्या दिवशी मनातल्या मनात परत घेतला. पाया तिथल्या तिथे, त्याच अष्टमीला पडलो.

दसरा झाल्यावर मी दर्यापूरच्या बाजारात त्या बाईला शोधत गेलो. अशा अनुभवांत मदत करणारं माणूस पुन्हा सापडत नाही, असं मी ऐकून होतो. मला ती तासाभरात सापडली. फुलांचा हंगाम ओसरला होता, ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिला पहिल्यांदा ओळख पटेना, मग म्हणाली, "हो हो, ते चुनरीवाले! ताई कशा हायेत?" त्या दिवशी दुसरी जीप तिला दुपार कलल्यावर मिळाली होती. एक गोणी पार कढून गेली. हे तिने मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, तेही हसत. मी लुगडं नेलं होतं, तिने घेतलं, आणि दोन जुड्या मेथी माझ्या पिशवीत कोंबली. देवी होती की माळीण होती, हा प्रश्न मला पडत नाही. माझ्या बायकोसाठी तिने भरल्या सणात जीप सोडली. याहून मोठं काही मला बघायचं नाही.

मंदाचा आजार आहे तिथेच आहे. डॉक्टर पुढच्या वर्षीचं अजूनही सांगत नाहीत, आणि आता ते दोघांनाही माहीत आहे. जनरेटर चालतो, त्याच्या दारावर मी काही बांधत नाही. रोज संध्याकाळी शेजारणी येतात, मी चहा करतो, मंदा बोलते, थांबते, दम घेते, पुन्हा बोलते. बाईमाय, तू मला काय दिलंस ते मला नीट सांगता येत नाही. एवढं सांगतो की काल संध्याकाळी वावटळ उठली, धुळीचा लोट अंगणात आला आणि मी खिडकी लावायला पळालो. मंदा तोंड वर करून वाऱ्यात बसली होती, डोळे मिटून. मी कडीवर हात ठेवला, तिच्याकडे पाहिलं, आणि खिडकी तशीच ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसलो.